हातचं आणि पळतं

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात एकल महिलांचे उत्पन्नाचे दाखले एका ढिगात घालून पाहिले, तर नवख्या माणसाला वाटेल की इथल्या बायकांना कुणीतरी मिळकत मोजून सारखी वाटून दिली आहे. वार्षिक उत्पन्न रुपये २१,०००, अक्षरी एकवीस हजार फक्त. एखादीचं २० हजार, एखादीचं १८. एकविसाच्या वर कुणी नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेची उत्पन्नमर्यादा तेवढीच आहे, म्हणून. भागाकार करून पाहा. महिन्याला १,७५० रुपये, दिवसाला साडेसत्तावन्न. निंदणाला जाणारी बाई यापेक्षा जास्त रोजी घेते, हे तलाठ्याला ठाऊक असतं, अर्ज तपासणाऱ्या कारकुनाला ठाऊक असतं आणि बाईला तर असतंच. तरी दाखला निघतो, कारण निंदण वर्षभर नसतं आणि दाखल्यावर खरा आकडा लिहिला तर त्या घराची चूल विझेल, एवढा विवेक अजून व्यवस्थेत शिल्लक आहे.

याची आणखी एक गंमत आहे. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. कायद्याने हमी दिलेले १०० दिवस एखाद्या विधवेला खरोखर मिळाले असते तर तिचे २९,७०० झाले असते आणि दाखल्याच्या हिशेबात ती निराधार उरली नसती. एका खात्याने दिलेला शब्द पाळला तर दुसऱ्या खात्याचं अनुदान जातं. पहिला शब्द पुरता पाळला जात नाही, म्हणून दुसरं टिकतं.

मी काही वर्षं या खात्यांच्या मधल्या जागेत काम केलं. संस्था लहान, एका तालुक्यापुरती. प्रकल्पाच्या कागदावर आमच्या कामाचं वर्णन भारदस्त होतं: गरीब कुटुंबांना शासकीय योजना आणि कौशल्य प्रशिक्षण यांच्या समन्वयातून स्वावलंबी करणे. गावात आम्हाला ‘कागदवाल्या मॅडम’ म्हणत. दुसरं नाव जास्त खरं होतं.

त्याआधी मी एका प्रशिक्षण केंद्रात मोबिलायझर होते. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २०१४ साली सुरू झाली, त्यानंतरचे ते दिवस. १५ ते ३५ वयाची मुलं-मुली गोळा करायची, पालकांना पटवायचं, बॅच भरायची. राहणं, जेवण, गणवेश सगळं फुकट, आणि प्रशिक्षण झाल्यावर ७० टक्के मुलांना नोकरी लागलीच पाहिजे, अशी योजनेची अट. अट चांगली आहे, मी आजही तिच्या बाजूने बोलेन. नोकरी लागायची. पुण्याला, चाकणला, कधी नागपूरला. मुली दीड-दोन महिन्यांत परत यायच्या आणि केंद्रात सगळे म्हणायचे, यांना घरची ओढ फार.

घरची ओढ होतीच, पण हिशेबही होता. पहिला पगार हातात यायला चाळीसेक दिवस लागतात. खोलीचं डिपॉझिट पहिल्याच दिवशी द्यावं लागतं. नोकरी लागल्यावर योजनेतून महिन्याला हजार रुपयांचा आधारही होता, जिल्ह्यातच नोकरी असेल तर दोन महिने, राज्यात दुसरीकडे असेल तर तीन. पण तो पगाराच्या पावत्या पोचल्यावर मिळणार, आणि मेसवाला पावती पोचेपर्यंत थांबत नाही. मग घरून पैसे मागवायचे. घरी आई निंदणाला जाणार, तिच्याकडे देण्यासारखं काय असणार? तीन-चार आठवड्यांचा तो खड्डा कुणी भरला असता तर त्यातल्या निम्म्या मुली टिकल्या असत्या, असं माझं मत तेव्हाच झालं. शिकवण्यात फारसं काही कमी नव्हतं. शिकताना आणि शिकल्यावर लगेच घर कशावर चालणार, हा प्रश्न कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हता.

कागदवाल्या मॅडम झाल्यावर हाच प्रश्न मी उलट्या टोकाने धरला.

एका घराचं सविस्तर सांगते. नाव-गाव सांगत नाही. नवऱ्याने कपाशीवरच्या फवारणीचंच औषध घेतलं होतं. शेतकरी आत्महत्येला सरकार एक लाखाची मदत देतं, ३० हजार रोख आणि ७० हजार ठेव, २००६ च्या निर्णयाप्रमाणे. तिचं प्रकरण ‘अपात्र’ झालं. कर्ज होतं, पण बँकेचं नव्हतं. कृषी केंद्राची उधारी आणि गावातल्याच एकाकडून व्याजाने घेतलेले. परवाना नसलेल्या सावकाराचं कर्ज कागदावर कर्ज ठरत नाही. माणूस मात्र त्यानेही मरतो.

मी तिच्याकडे गेले तेव्हा ती दिराच्या घरात एका खोलीत राहत होती. मुलगी बारावीला, मुलगा आठवीत. राशनकार्ड सासऱ्याच्या नावाचं, त्यात सगळे. धान्य घरात यायचं, पण ते जाऊबाईच्या कोठीत जायचं. सुरुवात कुठून करायची? प्रशिक्षणाचं पत्रक माझ्या पिशवीत होतं. ते मी बाहेर काढलंच नाही.

कार्ड वेगळं करायचं तर सासऱ्याची संमती हवी, आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवा. दाखल्यातलं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक. तो दुरुस्त करायचा तर तालुक्याला जायचं. वेगळं कार्ड झालं की ते ऑनलाइन होऊन बारा अंकी नंबर पडेपर्यंत दुकानदार धान्य देत नाही. कार्ड नाही तर उत्पन्नाचा दाखला अडतो, दाखला नाही तर निराधारचा अर्ज अडतो. अर्ज गेला की समितीची बैठक कधी होईल ते समितीलाच माहीत. मंजुरी आली की बँक खातं आधारशी नुसतं जोडलेलं चालत नाही, अनुदान ज्या खात्यात उतरायचं तेच खातं पुढे नोंदलेलं असावं लागतं. तिचं नोंदलेलं होतं ते गॅसच्या सबसिडीसाठी कधीकाळी काढलेलं, बंद पडलेलं. या प्रत्येक पायरीला एक दिवस तालुक्याचा, म्हणजे एका दिवसाची रोजी बुडाली. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. शहरातल्या लोकांनी त्या सवलतीवर विनोद केले. मी त्या बसमध्ये बसत होते. कागदांच्या पिशव्या मांडीवर घेतलेल्या बायकांनी ती बस तहसीलच्या दिवशी भरलेली असायची.

यात एक गोष्ट शिकले ती ही, की क्रम चुकला की सगळं चुकतं. आधी कार्ड, मग खातं, मग दाखला, मग निराधार, त्याच्या जोडीला जॉबकार्ड. प्रशिक्षण शेवटी. वरचे साहेब नेमकं उलट मागतात, कारण प्रशिक्षणाचा फोटो निघतो. राशनकार्ड फोडल्याचा कसला फोटो काढणार?

निराधारचं अनुदान २०२३ मध्ये हजाराचं दीड हजार झालं. पुढच्या वर्षी लाडकी बहीण आली, तीही दीड हजारांचीच, आणि दोन्ही एकदम मिळत नाहीत. तेव्हा आमच्या ओट्यावर बायकांची रीघ लागली. “म्याडम, हे सोडून ते धरू काय?” शेजारणीचे पैसे फोनवर खणकन आलेले, हिचे दोन महिने थकलेले. आम्ही सगळ्यांना सांगितलं, निराधार सोडू नका. लाडकी बहीण पासष्टीला थांबते. निराधारवाली पासष्टीनंतर श्रावणबाळ योजनेत जाते. आज जे जोरात आहे ते धरण्यापेक्षा म्हातारपणी जे राहील ते धरा. काहींनी ऐकलं, काहींनी नाही. ज्यांनी ऐकलं नाही त्यांचंही मला चुकलं असं वाटत नाही. भूक आजची असते.

सरपंच एकदा चहा घेताना म्हणाले, “मॅडम, तुम्ही लोकांना फुकटाची सवय लावून ठेवता, मग म्हणता कामाला कुणी येत नाही.” असं म्हणणारे चांगले लोकही असतात. ते होतेच. पण माझा अनुभव वेगळा आहे. महिन्याच्या ठरलेल्या तारखेच्या आसपास दीड हजार येणार आणि कोठीत आपल्या नावचं धान्य असणार, एवढी खात्री झाली की बाईचं बोलणं बदलतं. त्याआधी ती फक्त उद्याची रोजी विचारते. त्यानंतर ती पुढच्या उन्हाळ्याचं विचारते.

आधी आधार, मग शिकणं, हे जगात इतरांनीही करून पाहिलं आहे, ते मला नंतर कळलं. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने २००२ पासून अतिगरीब घरांसाठी हाच साचा चालवला: जनावर किंवा दुकानाचं भांडवल द्यायचं, ते हाताळायला शिकवायचं, बचत लावायची, दर आठवड्याला कुणीतरी घरी जायचं आणि पहिले काही महिने घरखर्चाला थोडा भत्ता द्यायचा, म्हणजे दिलेली शेळी घर चालवण्यासाठी विकावी लागत नाही. सहा देशांत, त्यांतल्या भारतात पश्चिम बंगालमध्ये, त्याची तपासणी झाली, २०१५ साली ती ‘सायन्स’मध्ये छापून आली आणि निष्कर्ष चांगला होता. बिहारमध्ये जीविका या सरकारी अभियानाने २०१८ पासून सतत जीविकोपार्जन योजना याच वळणाने आखली. आमच्याकडे भत्त्याला पैसे नव्हते. निराधारचे दीड हजार हाच आमचा भत्ता. म्हणून मी ते मिळेपर्यंत प्रशिक्षणाचं नाव काढत नसे.

आता प्रशिक्षण. आमच्या भागात बाईला विचारलं, काय शिकायचं, की उत्तर येतं शिवणकाम. आधीच्या वीस वर्षांत प्रत्येक योजनेने मशीनच वाटली. एका गावात अशी वेळ होती की घरोघरी मशीन आणि प्रत्येक मशीनवर प्लास्टिकची ताडपत्री. ब्लाउज शिवून घ्यायला गिऱ्हाईक कुणी नाही, सगळ्याच टेलर. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था याहून जास्त शिकवतात. १९८२ साली कर्नाटकात धर्मस्थळाजवळच्या उजिऱ्यात पहिली संस्था निघाली, तिच्याच नमुन्यावर आता जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. दहा दिवसांचं शेळीपालन, तिथेच राहायचं, जेवण फुकट. पण दहा दिवस म्हणजे दहा रोज्या. केंद्राची ‘उन्नती’ योजना त्यावर उतारा होती: रोजगार हमीवर १०० दिवस पूर्ण केलेल्या घरातल्या एका प्रौढाला प्रशिक्षणाच्या काळात मजुरीइतका भत्ता मिळायचा. ही योजना ज्याने आखली त्याला घर कसं चालतं ते कळतं, असं मला वाटलं. पण त्यासाठी १०० दिवस पूर्ण केलेली घरं हवी होती. ती शोधता शोधता आमची दमछाक झाली. काम मागायचा नमुना ४ भरून दिला तरी पोच मिळायची नाही, काम निघालं तर मस्टर सहा दिवसांत संपायचं, हजेरीचा फोटो काढायला रेंज नसायची. शंभरी गाठणारं घर क्वचित.

दिराच्या घरातल्या त्या बाईने शेळीपालन घेतलं. प्रशिक्षणाच्या दहा दिवसांची रोजी बचत गटाने कर्जाऊ दिली. उमेद अभियानाच्या गटांना फिरता निधी मिळतो, त्यातून. गटाच्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताईने हे बैठकीत मांडलं तेव्हा कुरकुर झाली, की शिकायला जाण्यासाठी कर्ज कसलं, बियाण्याला ठेवा. पण एक म्हातारी म्हणाली, “आजारपणाले देतो, लग्नाले देतो, मग शिकाले काऊन नाही?” प्रश्न मिटला. या सीआरपी ताया म्हणजे गावातल्याच सुना. मानधन तुटपुंजं, पण कुणाच्या घरात काय शिजतं ते त्यांना माहीत असतं. समन्वय म्हणून जो शब्द आमच्या अहवालांत पानोपानी यायचा, तो प्रत्यक्षात अशी एक बाई असते, जिला समितीची बैठक, लसीकरणाचा दिवस आणि बँकेत साहेब जागेवर असण्याची वेळ तिन्ही तोंडपाठ असतात. ती सोडून गेली की समन्वय संपतो, पोर्टल कितीही चांगलं असो.

बेरारी जातीच्या दोन बकऱ्या घेतल्या. पावसाळ्यात एक मेली. पशुसखीने पीपीआर या बकऱ्यांच्या साथरोगाची लस वेळेवर टोचली होती, हे दुसरंच काहीतरी होतं. दीड हजार आणि धान्य नसतं तर दुसरी त्याच महिन्यात विकली गेली असती, हे ती स्वतःच म्हणाली. विकली नाही. दोन वर्षांत सात झाल्या.

मुलगी बारावीनंतर नागपूरला गेली, रुग्णालयात रुग्णसेवा सहायकाच्या कामाचं प्रशिक्षण घेऊन तिथेच लागली. पगार बारा हजार. आणि आई दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे. “पोरीचं नाव राशनातून कमी करा लागते काय? अन् कमी केलं त परत चढते काय?”

ही भीती वेडगळ नाही. बारा हजार गुणिले बारा म्हणजे वर्षाचे १ लाख ४४ हजार. ग्रामीण भागात प्राधान्य कुटुंबाची मर्यादा ४४ हजार आणि निराधारची २१. कागदावर ते घर एका पगाराने दोन्ही मर्यादा ओलांडून पार पलीकडे गेलं. प्रत्यक्षात नागपुरात तीन मुलींची मिळून एक खोली, मेस, बसचा पास. घरी तीन हजार यायचे, तेही दर महिन्याला नाही. पोरगी आजारी पडली, नोकरी सुटली, उद्या तिचं लग्न झालं, तर हे तीन हजार जाणार. आणि गेलेलं अनुदान परत आणायचं तर पहिल्या पायरीपासून सगळं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे ज्यांनी कुणी म्हणून ठेवलंय, त्यांनी अशीच घरं पाहिली असणार. काही आया पोरीला नोकरीवर पाठवतच नाहीत ते या हिशेबाने. आम्ही त्याला मागासलेपण म्हणतो.

माझं मत विचाराल तर उत्पन्नाची रेषा ओलांडली की लगेच पाय ओढू नये. घरात नवी मिळकत सुरू झाल्यावर दोनेक वर्षं जुना आधार तसाच राहू द्यावा, आणि नंतर तो थोडाथोडा कमी करावा. एकदम बंद करण्याने सरकारचे जे पैसे वाचतात त्याहून जास्त लोक नोकरी लपवण्यात, रोखीने पगार मागण्यात आणि पीएफ नको म्हणण्यात घालवतात. पीएफ नको म्हणणारा पोरगा मूर्ख असतो असं नाही. पीएफ म्हणजे त्याच्या पगाराचा पुरावा, आणि आईच्या दाखल्याला पुराव्याची भीती असते.

दुसऱ्या एका घरातल्या मुलाची पगाराची पावती मी एकदा वाचून दाखवत होते. तो पुण्यात गोदामात लागलेला. आईला प्रत्येक रकाना समजून हवा होता. त्यात दोनशे रुपये व्यवसाय कर कापलेला. “हे कशाचे?” मी सांगितलं की १९७५ साली हा कर रोजगार हमीसाठी म्हणून बसवला, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती योजना आली, १९७२ च्या दुष्काळाच्या काळात ती सुरू झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या कामाचे पैसे द्यायचे. ती बाई त्या आठवड्यात शेततळ्याच्या कामावर होती. ती हसायला लागली. म्हणाली, “म्हणजे पोरगा मलेच मजुरी देऊन रायला न्?” हिशेब तेव्हा इतका सरळ राहिलेला नव्हता, शंभर दिवसांपर्यंतच्या मजुरीचे पैसे दिल्लीहून येत होते. पण मी तिला दुरुस्त केलं नाही.

घरकुलाचं एका ओळीत सांगते, कारण खात्यांनी ठरवलं तर जमतं हे तिथे दिसतं. तेव्हा १ लाख २० हजार घराचे, ९० दिवसांची मजुरी रोजगार हमीतून, १२ हजार शौचालयाचे, तीन ठिकाणचे पैसे एकाच घराच्या नावावर. जागा नसली की मात्र यातलं काहीच नाही, आणि आमच्याकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, गाडी नेमकी तिथे अडायची.

नागपूरच्या मुलीचं नाव आम्ही कार्डातून काढलं नाही. तिची ई-केवायसी तिने तिथल्याच एका राशन दुकानात अंगठा लावून केली. नियमात ते बसतं का, असं मला एका बैठकीत विचारलं गेलं. ती अजून अविवाहित आहे, कुटुंबाचाच भाग आहे, नियमात बसतं, असं मी सांगितलं आणि पुढचा विषय घेतला.

प्रकल्पाच्या शेवटच्या पत्रकात प्रत्येक घरासमोर एक रकाना होता: कुटुंब स्वावलंबी झाले, होय किंवा नाही. तिच्या घरात तेव्हा पैसे येत होते ते असे: बकऱ्यांचे, बहुतेक ईदच्या आधीचे. उन्हाळ्यात रोजगार हमीचे. दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचणीचे. पोरीचे, येतील तेव्हा. निराधारचे दीड हजार. यातलं कुठलंही एक काढलं तर घर हलतं, पडत नाही. रकान्यात यासाठी जागा नव्हती. मी ‘होय’ लिहिलं. माझ्या सहकाऱ्याने तशाच दुसऱ्या घराला ‘नाही’ लिहिलं. त्यावर आमचं भांडण झालं आणि ते मिटलेलं नाही.

त्यानंतर तिने दोन बकऱ्या विकून गटातल्या आणखी दोघींबरोबर दोन एकर वावर मक्त्याने घेतलं. मला ते पटलं नव्हतं. कोरडवाहू शेतीनेच त्या घराचा घात केला होता, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, कापूस नाही लावत, तूर लावतो अन् बांधावर भाजी, अन् उधारी कृषी केंद्राची नाही, गटाची. मक्त्याचा कागद तिघींच्या नावाने करून घेतला होता, स्टॅम्पवर, साक्षीदारांच्या सह्यांसकट. तो करायला ती तालुक्याला एकटी गेली होती. मला हे सगळं कळलं ते पेरणी झाल्यावर, सीआरपी ताईकडून.